आधी उठून बघ

काल रात्री साडेअकराला तू त्या सोफ्याचा फोटो पाठवलास. शेवाळी मखमल, पाठीला खोल बसवलेली बटणं, निमुळते पाय, आणि खाली ओळीनं तीन बदाम. मी नुसता अंगठा दाखवला आणि झोपले. सकाळपासून तो अंगठा मलाच टोचतोय. तेव्हा चहा घे, पाय वर घेऊन बस आणि ताई बोलतेय म्हणून जरा ऐक. घेऊ नकोस असं मी म्हणणार नाही. कसा घ्यायचा तेवढं सांगते. बोलता बोलता एक गोष्टही सांगून टाकते, जी तुला कधी सांगितली नाही.

तुला जुना सोफा का हवाय, ते मला कळतं गं. तुझ्या ठाण्याच्या फ्लॅटमध्ये तू ठरवलेलं असं आहेच काय? फरशी बिल्डरची, खिडक्या बिल्डरच्या, बेसिनसुद्धा त्यानंच निवडलेलं. वरच्या मजल्यावर जा, खालच्या मजल्यावर जा, तोच हॉल, तीच टीव्हीची भिंत. त्या सगळ्या गुळगुळीतपणात एखादी वस्तू अशी हवीशी वाटते, जिच्या हातांवर कुणाच्या तरी कोपरांनी घासून चमक आणलीय. यात चुकीचं काही नाही. फक्त कुणाची कोपरं विकत घ्यायची, ते नीट बघून घ्यावं.

आपण मुळात खाली बसणारी माणसं. आजीच्या घरी आठवतं ना, पाहुणे आले की सतरंजी झटकायची, नि फारच मोठे पाहुणे असले तर गादी, लोड, तक्क्या. खुर्ची साहेबाबरोबर कचेरीत आली, तिथून वकील-डॉक्टरांच्या दिवाणखान्यात. सोफासेट तर त्याच्याही मागून आला. मुंबईत 1930 नंतर ओव्हल मैदानाच्या कडेनं आणि मरीन ड्राइव्हवर फ्लॅटच्या इमारती उभ्या राहायला लागल्या, तेव्हा फ्लॅटमध्ये राहायचं कसं हेही लोकांना नवीनच होतं. म्हणून 1937 मध्ये आर्किटेक्टांच्या संस्थेनं टाऊन हॉलमध्ये ‘आयडियल होम’ नावाचं प्रदर्शन भरवलं. खोल्याच्या खोल्या सजवून दाखवल्या होत्या. गोलसर कडांच्या, बुटक्या, भारदस्त खुर्च्या आपल्याकडे रुळल्या त्या याच काळात. आज दुकानदार ज्यांना ‘आर्ट डेको’ म्हणून दुप्पट भाव सांगतो ना, त्याच. त्या इमारतींना 2018 मध्ये युनेस्कोचा जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. आतल्या खुर्च्यांपैकी कितीतरी मात्र चोर बाजारात गेल्या.

आणि जाणारच. चाळी पाडताहेत, बंगल्यांच्या जागी टॉवर येताहेत, मुलं परदेशात. नव्या घरात फर्निचर भिंतीतच बसवलेलं, मग आजोबांची खुर्ची ठेवायची कुठं? ती भंगारवाला नेतो, त्याच्याकडून दुकानदार घेतो, पॉलिश मारतो, पिवळा बल्ब लावून फोटो काढतो, आणि रात्री साडेअकराला तो फोटो तुझ्या फोनवर येतो.

आता माझी गोष्ट.

तू बंगळूरला होतीस तेव्हा मीही असाच एक सोफा घेतला होता. बुटका, ऐसपैस, मागे कललेला, पातळ लाकडी हात, मोहरीच्या रंगाचं कापड. दुकानदार म्हणाला, अस्सल बर्मा टीक आहे ताई, अँटिक आहे. मी विचारलंसुद्धा नाही, किती सालचं? आपल्याकडे पुरावस्तूंचा 1972 चा कायदा आहे. त्यात पुरावस्तू म्हणवून घ्यायला वस्तूचं वय निदान शंभर वर्षं लागतं. माझा सोफा फार तर माझ्या वयाचा होता. लिफ्टमध्ये मावेना म्हणून चार हमालांनी जिन्यानं पाचव्या मजल्यावर चढवला, तिसऱ्या मजल्यावर भिंतीचा रंग खरवडला, आणि सोसायटीचे सेक्रेटरी महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. पण हॉलमध्ये ठेवल्यावर असा काही दिसला म्हणतेस!

पुढच्याच आठवड्यात बाबा आले. घरात आणखी चार पाहुणे होते. बाबा बसले, म्हणजे खाली गेले आणि जातच राहिले. मग पोहे झाले, चहा झाला, बाबा उठायला लागले, तर उठता येईना. हात टेकायला गेले, तर सोफ्याचे हात इतके पातळ आणि मागे की जोर लागेना. एकदा प्रयत्न केला, दोनदा केला. मी पुढे झाले, हात दिला आणि हसत हसत सगळ्यांसमोर म्हणाले, “बाबा, होईल सवय!” सगळे हसले. बाबाही हसले.

त्यानंतर ते माझ्याकडे आले की थेट स्वयंपाकघरात यायचे आणि स्टुलावर बसायचे. म्हणायचे, “मला इथंच हवेशीर वाटतं.” मला वाटायचं, लेकीशी गप्पा मारायला येतात. दोन वर्षं मला तसंच वाटत होतं. ते गेल्यावर एकदा आई-बाबांच्या गिरगावच्या खोलीत त्यांच्या खुर्चीवर बसले, अगदी सहज उठले, आणि तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. घरी जाऊन पट्टी घेतली. माझ्या सोफ्याची बैठक, त्यावर माणूस बसल्यावर, जमिनीपासून तेरा इंच. बाबांच्या खुर्चीची साडेसतरा.

हे साडेचार इंच मी तुला आज देतेय. बाकीचं सगळं त्याच्यानंतर.

तेव्हा दुकानात गेलीस की सोफ्याकडे बघू नकोस, त्यावर बस. एक मिनिट नाही, चांगली वीस मिनिटं. दुकानदार चहा मागवेल, पी. पाठ टेकव आणि बघ, तुझी पावलं जमिनीला टेकतात का. जुने सोफे पुष्कळदा खोल असतात. आपल्यासारख्या सव्वापाच फुटी बायका पाठ टेकवून बसल्या की पाय शाळेतल्या पोरीसारखे लोंबतात, आणि पाय टेकवले तर पाठीमागे दोन उशा लागतात. मग उठ. हातांवर जोर न देता एकदा, जोर देऊन एकदा. सोफ्याचा हात बैठकीच्या पुढच्या कडेपर्यंत आलेला असला की म्हाताऱ्या माणसाला उठताना आधार मिळतो. मागेच संपत असला, तर ती नुसती शोभा.

दुसरं, टेप. पर्समध्ये लिपस्टिक असते तशी आता टेपही ठेव. लिफ्टचं दार, लिफ्टची आतली तिरकी लांबी, जिन्याचं वळण, मुख्य दरवाजा, आणि दरवाजातून आत आल्यावर लगेच जो चिंचोळा पॅसेज लागतो तो. सगळ्यात जास्त सोफे त्या पॅसेजमध्ये अडकतात. पाय सुटे होतात का, हे विचार. माप लिहून ने. ‘बसेल गं’ या दोन शब्दांनी आपल्या घराण्याचे पुष्कळ पैसे घालवलेत.

तिसरं, सांगाडा. कापडाला भुलू नकोस, ते बदलता येतं. सांगाडा बदलता येत नाही. पुढचा एक पाय धरून वीतभर उचल. दुसरा पुढचा पायही लगेच त्याच्यामागून उठला, तर सांगाडा घट्ट आहे. एक पाय वर आणि दुसरा जमिनीलाच चिकटलेला, तर सांधे सैल झालेत. मग सोफा उलटा करायला सांग. दुकानदार कुरकुरेल, करू दे. खालून बघितल्यावर कळतं की लाकडात खाच पाडून त्यात दुसऱ्या लाकडाची जीभ नीट बसवलीय, की नुसते खिळे आणि फेव्हिकॉल आहे. माझ्या त्या ‘बर्मा टीक’चे पाय तेवढे सागवानी निघाले आणि हातांच्या पुढच्या पट्ट्या. आतलं सगळं खोक्यांचं लाकूड, वरून अक्रोडी रंग. उचलतानाच हलकं लागलं होतं. तेव्हा मला तो गुण वाटला!

चौथं जरा ओंगळ आहे, पण ऐक. टॉर्च घेऊन शिवणींत, बटणांच्या खळग्यांत आणि खालच्या कापडाच्या कडेला बघ. मिरपूड सांडल्यासारखे काळे ठिपके दिसले की हात जोड आणि बाहेर पड, ढेकूण आहेत. उन्हात ठेवलं की जातात असं आई म्हणेल. गोधडीतले जातात. सोफ्याच्या पोटात तेवढं ऊन पोचत नाही. लाकडाला बारीक भोकं असतील तर लगेच घाबरू नकोस, ती किडीनं जुन्या काळी पाडलेलीही असू शकतात. खाली काळा कागद अंथरून दोन-तीन रात्री राहू दे. कागदावर पिठासारखा ताजा भुसा पडला, तर कीड अजून जिवंत आहे. सागाला वाळवी लागत नाही म्हणतात ते गाभ्याच्या लाकडाचं. सालीलगतचं फिकट लाकूड सागाचं असलं तरी वाळवी खुशाल खाते.

एवढं सगळं करून तुला ती वस्तू आवडली, तर भाव करताना एक लक्षात ठेव. जुन्या सोफ्याची किंमत दोनदा द्यायची असते, एकदा दुकानदाराला आणि एकदा दुरुस्तीवाल्याला. पुष्कळदा दुसरी पहिल्यापेक्षा जास्त असते. गुबगुबीत अशी एकच खुर्ची मढवायची, तरी चार-पाच मीटर कापड लागतं. खणाचं कापड तुला फार आवडतं, माहीत आहे, पण ते उशांना घाल. बैठकीला जाडजूड सुती, डक किंवा कॉर्डरॉयसारखं काहीतरी. मखमल दिसते राजेशाही, पण आपल्या दमट हवेत घाम धरते, आणि तुझ्या घरात मांजर आहे.

पॉलिश कधी करायचं, हेही कुणी सांगत नाही. जुन्या फर्निचरवर बहुतेकदा लाखेचं पॉलिश असतं, म्हणजे चपडा स्पिरिटमध्ये विरघळवून, कापडाच्या बोळ्यानं थरावर थर चढवलेलं. दिसायला त्याच्याइतकं मऊ काही नाही. पण ओला पेला ठेवला की पांढरं कडं उमटतं. पावसाळ्यात ते करायला घेतलं तर हवेतल्या ओलीनं पांढुरकं पडतं. म्हणून आषाढ-श्रावणात त्या वाटेला जायचं नाही. गणपती-दिवाळीच्या तोंडावर कारागीर सापडत नाहीत. निवांत काम हवं तर जानेवारीत दे. आणि चारही महिने पावसाचे, सोफा भिंतीपासून चार बोटं पुढे ओढून ठेव, नाहीतर मागच्या कापडाला बुरशी धरते आणि आपल्याला कळतं थेट दिवाळीच्या साफसफाईत.

आता तू म्हणशील, सोफा नको तर सुटी खुर्ची घेऊ. घे, सोफ्यापेक्षा बरंच शहाणपणाचं. अख्खा सेट तर घेऊच नकोस. एक जुनी खुर्ची हॉलला शोभा देते, तीन-एक-एक असा सेट आला की हॉल नोटरीच्या ऑफिससारखा दिसतो. पण खुर्चीतही बघून घे. ती लांब हातांची, वेताची आरामखुर्ची, जिचे हात पुढे फिरवून वर पाय ठेवता येतात, ती गोव्याच्या व्हरांड्यात किंवा डाकबंगल्यात. तुझ्या दहा बाय सोळाच्या हॉलमध्ये कुणी त्यात पाय पसरले की बाकीच्यांनी ओलांडून जायचं. वेत झोळला असेल तर घाबरू नको. खालच्या बाजूनं गरम पाण्याचा फडका फिरव आणि वाळू दे, वेत पुष्कळसा पुन्हा ताणून घेतो. तुटला असेल तर मात्र विणून घ्यावा लागतो.

इराण्याच्या हॉटेलातली गोल पाठीची खुर्ची मला फार आवडते. वाफेवर लाकूड वाकवून खुर्ची करायची ही कला युरोपातली. थोनेट नावाच्या कारागिरानं 1859 मध्ये केलेली खुर्ची म्हणजे सहा लाकडं, दहा स्क्रू आणि दोन नट, बस्स. हलकी, कोपऱ्यात मावणारी, उठायला सोपी. आणि चंडीगढच्या त्या इंग्रजी व्ही-सारख्या पायांच्या खुर्च्या, ज्यांच्या लिंका तुझा नवरा पाठवत असतो? आर्किटेक्ट पियेर जानरे यांच्या कामातल्या त्या सरकारी ऑफिसांच्या साध्या खुर्च्या. सागवान आणि वेत. सरकारनं भंगारात काढल्या, परदेशात लिलावांत लाखांनी विकल्या गेल्या, आणि मग 2011 मध्ये केंद्र सरकारला त्यांच्या विक्रीवर बंदी आणावी लागली. बाजारात दिसतात त्या बहुतेक नकला. नक्कल घ्यायला हरकत नाही गं. नकलेला नकलेचा भाव दे, म्हणजे झालं.

आता मुद्द्याचं. बाबांची खुर्ची मी श्रावणात गिरगावातून आणली. तुला बोलले नाही. आईचा फोन आला होता, भंगारवाला सगळ्या घराचा मिळून भाव सांगतोय म्हणून. खुर्चीवर तेव्हा वर्तमानपत्रांचा गठ्ठा आणि त्यावर लोणच्याच्या बरण्या होत्या. टॅक्सीच्या टपावर बांधून मी ती नागपाड्याजवळच्या एका बोळात नेली. तिथं एक चाचा आहेत, मूळचे चिपळूणकडचे, पन्नास वर्षं हेच काम करताहेत. त्यांनी हात लावला, एक पाय उचलून बघितला आणि म्हणाले, “सांगाड्याला काही झालेलं नाही. कपडे तेवढे बदलायचे.”

मी बाजूला स्टुलावर बसून राहिले. वरचं तपकिरी रेक्झिन निघालं. त्याखाली पट्ट्यापट्ट्यांचं कापड, आपल्या मधल्या खोलीच्या पडद्यांचं. त्याच्याखाली हिरवं. आणि त्या हिरव्यावर, अगं, शाईचा डाग! तू दुसरीत असताना बाबांच्या पेनाची दौत सांडली होतीस, आणि मार मी खाल्ला होता. बाबांनी त्या डागावरच नवं कापड ठोकून घेतलं होतं. त्याच्याखाली मांजरपाट, मग काथ्या, गोणपाट, सुतळीनं एकमेकींना बांधलेल्या स्प्रिंगा आणि सगळ्यात खाली निवार. काथ्या पिंजून पुन्हा भरता येतो, निवार नवी ताणता येते, स्प्रिंगा पुन्हा बांधता येतात. नव्या सोफ्यातला फोम दहा-पंधरा वर्षांनी पीठ होऊन गळायला लागला की फेकून द्यावा लागतो. जुन्या खुर्चीला लोक भुलतात ते जुनेपणाला, असं मला वाटायचं. त्या दिवशी कळलं, तिच्यात खरी किमती गोष्ट ही आहे, की ती उघडता येते.

कापड निघत होतं तशा चुका निघत होत्या. त्या बारीक खिळ्यांना चुकाच म्हणतात, माहीत आहे ना? मूठभर निघाल्या, चाचांनी त्या वाटीत जमवल्या. मी म्हटलं, “याच भोकांत नव्या ठोकाल का?” ते हसले. “जुन्या भोकात नवी चूक धरत नाही, ताई. आधी भोक भरायचं, मग चूक शेजारी ठोकायची.” आणि लाकडाचा भुसा सरसात कालवून ते एकेक भोक भरत बसले. मी बघत राहिले. मला तुझ्याशी बोलावंसं वाटत होतं, पण नेमकं काय बोलायचं, ते जमलं नाही. आज जमतंय.

पॉलिश त्यांनी पाऊस जाईपर्यंत थांबवलं होतं. दसऱ्यानंतर केलं, आता वाळलंय. रविवारी खुर्ची मिळेल. माझ्याकडे ठेवणार नाही मी ती. दिवाळी झाली की गिरगावची खोली रिकामी करायचीय, आणि नवी इमारत होईपर्यंत आई तुझ्याकडे राहणार आहे. तिचे गुडघे आता बाबांच्या गुडघ्यांसारखेच झालेत, फक्त ती बोलत नाही. टेम्पो मी सरळ ठाण्यालाच पाठवते. तेवढी खिडकीजवळची जागा मोकळी ठेव.

आणि तो शेवाळी सोफा? घे की. पण पैसे देण्याआधी आईला दुकानात घेऊन जा. तिला त्यावर बसव, चहा पिऊ दे, दुकानदाराची चौकशी करू दे, त्याचं गाव विचारू दे. मग म्हण, चल आई, निघू या. आणि तिला हात देऊ नकोस. ती आपली आपण उठली, तर घे.